दाताच्या दवाखान्यातलं बिल: कशाचे पैसे, किती आणि का

दाढ रात्रभर ठणकते. सकाळी जवळचा दवाखाना गाठला जातो, आणि खुर्चीत आडवं पडल्या पडल्या ऐकायला मिळतं, "रूट कॅनाल करावं लागेल, वर कॅप बसवावी लागेल." पेशंट विचारतो, "किती होतील?" समोरून आकडा येतो. तो आकडा घेऊन घरी चर्चा होते, शेजारच्या दवाखान्यात फोन होतो, तिथे तीन हजार कमी सांगतात आणि माणूस तिकडे जातो. काम संपेपर्यंत तिथलं बिल पहिल्यापेक्षा जास्त झालेलं असतं.

यात फसवणूक असतेच असं नाही. एका डॉक्टरने सांगितलेल्या 'रूट कॅनाल'मध्ये (म्हणजे दाताच्या आतली नस काढून तिच्या नळ्या साफ करून भरणं) एक्स-रे आणि वरचं फिलिंग धरलेलं असतं, दुसऱ्याने ते वेगळं लावलेलं असतं. दाताच्या कामाला छापील किंमत नसते आणि खासगी दवाखान्यांसाठी सरकारने ठरवलेलं दरपत्रकही नाही. म्हणून आधी कामांची यादी हातात घ्यायची, भाव त्यानंतर विचारायचा. या लेखात ती यादी कशी मागायची, कशी वाचायची आणि कोणत्या ओळीपाशी थांबून प्रश्न विचारायचा ते पाहू. दिलेले दर महाराष्ट्रातल्या मध्यम आणि मोठ्या शहरांतल्या साध्या खासगी दवाखान्यांचे अंदाज आहेत. दक्षिण मुंबईत किंवा पुण्याच्या महागड्या भागात ते वर जातील, तालुक्याच्या गावी खाली येतील.

आधी दातांचे नंबर शिकून घ्या

पाच मिनिटांचं काम आहे, आणि बिल समजून घेण्यात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. भारतात बहुतेक डॉक्टर प्रत्येक दात दोन आकड्यांनी लिहितात. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: पेशंटची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजायचा: समोरचा दात १, सुळा ३, पहिली मोठी दाढ ६, अक्कलदाढ ८. म्हणजे ४६ ही खालची उजवी पहिली मोठी दाढ आणि २१ हा वरचा डावा समोरचा दात. दुधाच्या दातांसाठी पहिला आकडा ५ ते ८ असतो.

कागदावर '४६ आरसीटी (म्हणजे रूट कॅनाल), ३६ फिलिंग' असं लिहिलेलं असलं की आरशासमोर उभं राहून दोन्ही दाढा शोधा. दुखणारी दाढ कोणती आणि लिहिलेली कोणती, हे तिथेच कळतं. नंबर न लिहिता नुसतं 'तीन फिलिंग' लिहिलेलं एस्टिमेट दुसऱ्या डॉक्टरला दाखवून काही उपयोग नाही. तीन फिलिंग कोणत्या दातांची, हे त्याला कळणार कसं?

पहिली भेट: ठणका वेगळा, पुढचं काम वेगळं

तपासणीचे साधारण २०० ते ५०० रुपये घेतात. काही ठिकाणी उपचार तिथेच सुरू केला तर ते बिलातून वजा होतात. दाताचा छोटा एक्स-रे १५० ते ४०० रुपयांत निघतो. सगळा जबडा एका फोटोत दाखवणारा ओपीजी ४०० ते ९०० रुपयांना पडतो, आणि त्यासाठी बऱ्याचदा बाहेरच्या सेंटरमध्ये पाठवतात. ठणकणाऱ्या दाताचा छोटा एक्स-रे हवाच. कीड नसेपर्यंत गेली आहे का, मुळाच्या टोकाशी पू आहे का, हाडाचा आधार किती उरला आहे, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ओपीजी मात्र अक्कलदाढ, बरेच दात हलणं, ब्रेसेस अशा कारणांसाठी असतो. एका दाढेच्या किडीसाठी तो सांगितला तर कारण विचारा.

दुखत असताना मोठा निर्णय घेऊ नका. त्या दिवशी गरज असते ती ठणका थांबण्याची. भूल देऊन दाढ उघडायची, आतली सुजलेली नस काढायची, औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावायचं, एवढ्याने बहुतेकांना त्या रात्री झोप लागते. कॅप कोणती, बाकीच्या चार दातांचं काय, हे आठवड्याने शांतपणे ठरवता येतं. त्या दिवशी फक्त झालेल्या कामाचे पैसे द्या आणि बाकीचं लेखी मागा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यापायी लोकांचे फार पैसे वाया जातात. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून ठणका दाबायचा, महिन्याने पुन्हा तेच. गोळीने सूज उतरते. दाढेच्या आतली मेलेली नस आणि तिथले जंतू मात्र तसेच राहतात. दरम्यान कीड पसरत जाते. ज्या दाढेचं काम १,५०० रुपयांच्या फिलिंगमध्ये भागलं असतं ती रूट कॅनालपर्यंत येते, आणि रूट कॅनालने वाचली असती ती काढावी लागते.

लेखी एस्टिमेट कसं असावं

कागद साधा असला तरी चालेल, व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल. त्यात दाताचा नंबर, काम, साहित्य, किती खेपा, प्रत्येक कामाची रक्कम आणि त्या रकमेत काय धरलं आहे, एवढं असायला हवं. यातली शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि नेमकी तीच विचारायची राहते. मागायला संकोच वाटत असेल तर सरळ म्हणा, "डॉक्टर, घरी दाखवायचंय, जरा लिहून देता का?" नीट काम करणारा डॉक्टर यावर रागवत नाही.

४६ नंबरच्या दाढेचं एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. पहिला दवाखाना म्हणतो, 'रूट कॅनाल फक्त ३,५००'. प्रत्यक्षात त्यावर तीन एक्स-रेचे ७५०, वरच्या भराव फिलिंगचे १,५०० आणि सिरॅमिक-मेटल कॅपचे ५,००० लागतात. एकूण १०,७५०. दुसरा दवाखाना रूट कॅनालचे ५,५०० सांगतो, पण त्यात सगळे एक्स-रे आणि वरचं भराव फिलिंग धरलेलं आहे. त्याच प्रकारची कॅप ४,५००. एकूण १०,०००. फोनवर 'रूट कॅनालचे किती?' विचारलं तर पहिला दोन हजारांनी स्वस्त वाटतो, प्रत्यक्षात तो ७५० रुपयांनी महाग आहे. म्हणून फोनवर प्रश्न असा करा: "खालच्या दाढेचं रूट कॅनाल, एक्स-रे, वरचं फिलिंग आणि कॅप धरून शेवटपर्यंत किती?"

दातांची सफाई

साध्या स्केलिंगचे ८०० ते २,५०० रुपये. यात दोन्ही जबडे, पाण्याच्या फवाऱ्यासह चालणाऱ्या मशीनने दातांवरचं कीटण काढणं आणि शेवटी पॉलिश एवढं येतं. पॉलिशचे वेगळे पैसे लावणं योग्य नाही, कारण कीटण काढल्यावर खरखरीत राहिलेला दात गुळगुळीत करणं हा त्याच कामाचा भाग आहे. तंबाखूचे डाग दाट असतील तर वेळ जास्त लागतो, त्याचे थोडे जास्त घेतले तर ते समजण्यासारखं आहे.

सफाईने दात हिलतात ही समजूत अजून घरोघरी आहे. दातांच्या फटीत वर्षानुवर्षं बसलेलं कीटण निघालं की फट उघडी दिसते, जीभ तिथे जाते आणि दात सुटल्यासारखा वाटतो. हाड त्या कीटणामुळे आधीच झिजलेलं असतं. सफाई टाळली तर ते आणखी झिजतं.

बिल मोठं होतं ते 'डीप क्लीनिंग'मुळे. हिरडी दातापासून सुटून खोल कप्पा झाला असेल तर भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागते. तोंडाचे चार भाग धरून प्रत्येक भागाचे वेगळे पैसे लावतात. हे काम गरजेचं असू शकतं, पण त्याचा पुरावा मोजता येतो. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई असते. ती हिरडी आणि दात यांच्यामध्ये हलकेच घालून कप्प्याची खोली मोजतात. १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक. ४ पासून पुढे लक्ष द्यावं लागतं. ६, ७ आले तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जायला हवं. डीप क्लीनिंग सांगितलं की विचारा, "कोणत्या दातांना किती मिलिमीटर आले?" उत्तर मिळालं, एक्स-रेमध्ये झिजलेलं हाड दाखवलं, तर काम करून घ्या. सळई न लावताच चारही भागांचं काम सांगितलं असेल तर आधी साधी सफाई करा आणि काही आठवड्यांनी हिरड्या मोजून घ्या.

फिलिंग, म्हणजे सिमेंट भरणं

दर साधारण ८०० ते २,५००. फरक दोन गोष्टींमुळे पडतो: साहित्य आणि खड्ड्याची जागा. ग्लास आयोनोमर हे पांढरट सिमेंट स्वस्त आहे, त्यातून फ्लोराइड सुटतं, मुळाजवळच्या किडीला आणि लहान मुलांना ते चालतं, पण चावण्याच्या भागावर लवकर झिजतं. कंपोझिट हे दाताच्या रंगाचं, निळ्या लाइटने पक्कं होणारं. ते सुमारे २ मिलिमीटरच्या थरांनी भरावं लागतं, प्रत्येक थराला लाइट द्यावा लागतो आणि काम चालू असताना दात कोरडा राहावा लागतो. त्यामुळे वेळ लागतो आणि पैसेही.

दाढेच्या फक्त वरच्या पृष्ठभागावरचा खड्डा स्वस्तात होतो. कीड दोन दातांच्या मधल्या बाजूने गेली असेल तर पातळ पट्टी लावून ती भिंत पुन्हा उभी करावी लागते. ती नीट उभी राहिली नाही तर प्रत्येक जेवणात तिथे अन्न अडकतं. म्हणून मधल्या बाजूच्या फिलिंगला जास्त पैसे घेणं रास्त आहे. काम झाल्यावर खुर्चीतून उठण्याआधी दोन गोष्टी करा. रंगीत कागद चावायला देतील तेव्हा नीट चावा, उंच लागलं तर तिथेच सांगा. मग त्या फटीत फ्लॉसचा धागा घालून बघायला सांगा. तो जरा अडून आत जायला हवा, आणि तुटता कामा नये. उंच राहिलेलं फिलिंग दुसऱ्या दिवशी घासून घ्यायला जावं लागलं तर त्याचे पैसे द्यायचे नसतात.

रूट कॅनाल

समोरच्या दाताचं २,५०० ते ५,०००, दाढेचं ४,००० ते ९,०००. हा फरक दातांच्या आतल्या नळ्यांमुळे आहे. समोरच्या दातात बहुतेक वेळा एक सरळ नळी असते. खालच्या पहिल्या दाढेत साधारण तीन असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी बऱ्याचदा असते आणि ती लपलेली असते. ती सापडली नाही तर दाढ पुढे पुन्हा दुखायला लागू शकते.

टप्पे असे. भूल. दात लाळेपासून वेगळा ठेवण्यासाठी रबराचा पातळ पडदा, म्हणजे रबर डॅम. वरून छिद्र. प्रत्येक नळीची लांबी मशीनने किंवा एक्स-रेने मोजणं. बारीक फाइल्सनी नळी रुंद करणं आणि प्रत्येक फाइलनंतर सोडियम हायपोक्लोराइटने धुणं, कारण जंतू मारण्याचं खरं काम हे द्रव करतं. संसर्ग जास्त असेल तर आत औषध ठेवून पुढची तारीख देतात. शेवटी नळ्या गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने टोकापर्यंत भरतात आणि एक्स-रे काढून खात्री करतात. हे एका बैठकीत होऊ शकतं किंवा दोन-तीन खेपांत. बैठका कमी-जास्त झाल्या म्हणून दर बदलण्याचं कारण नाही, काम तेवढंच असतं.

शेवटचा एक्स-रे मागून घ्या, मोबाइलवर फोटो घेतला तरी पुरे. त्यात नळीतली पांढरी रेघ मुळाच्या टोकाच्या अगदी जवळ, साधारण एक-दोन मिलिमीटरच्या आत थांबलेली दिसायला हवी. मधेच तुटलेली किंवा अर्ध्यावर थांबलेली रेघ दिसली तर कॅप बसवण्याआधी कारण विचारा. कधीकधी कारण खरं असतं, म्हणजे नळी वाकडी असते किंवा चुन्याने बुजलेली असते. पण ते तुम्हाला आधी कळायला हवं, कारण कॅपचे पैसे या रेघेच्या भरवशावर खर्च होणार आहेत. रूट कॅनालनंतर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे. सूज येणं किंवा ठणका वाढत जाणं नेहमीचं नाही. लगेच दाखवा.

आधी झालेलं रूट कॅनाल बिघडलं आणि पुन्हा करायचं असेल तर दर वाढतो. जुनी कॅप कापा, जुना गटापर्चा उकरून काढा, राहिलेली नळी शोधा. हे काम शक्यतो रूट कॅनालच्या एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) तज्ज्ञाकडून करून घ्यावं. छोट्या दवाखान्यांत असे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात आणि त्यांची फी बिलात मिसळलेली असते. आपल्या दातावर कोण हात ठेवणार आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या. काम सुरू होताना थोडे, नळ्या भरून एक्स-रे पाहिल्यावर रूट कॅनालचे उरलेले, कॅपचं माप घेताना कॅपचे निम्मे आणि कॅप बसल्यावर बाकी. कॅप लॅबमध्ये बनते, डॉक्टरला लॅबचं बिल द्यावं लागतं, म्हणून मापाच्या वेळी आगाऊ रक्कम मागणं बरोबर आहे. सुरुवातीलाच पूर्ण रक्कम, तीही 'आजच भरली तर सूट' म्हणून, कधी देऊ नका.

आणि ठणका गेला म्हणून मधेच थांबू नका. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत शिरते, सगळं पुन्हा पहिल्यापासून. कॅपविना राहिलेली दाढ कधी दाण्यावर, कधी चिक्कीवर उभी चिरते. मुळापर्यंत चिरली की काढावीच लागते, आणि तोवर केलेला सगळा खर्च बुडतो. या एका चुकीने जेवढे दात आणि पैसे जातात तेवढे महागड्या दवाखान्यानेही जात नसतील.

कॅप

पूर्ण धातूची १,५०० ते ३,०००. आत धातू आणि वर सिरॅमिक, ३,००० ते ६,०००. झिर्कोनियाची, म्हणजे धातूविना बनलेल्या कणखर पांढऱ्या सिरॅमिकची, ७,००० ते १५,०००. या भावाने डोळे दिपू देऊ नका. कॅप निवडताना दाताची जागा बघायची. मागच्या शेवटच्या दाढेला धातूची कॅप उत्तम चालते. ती तुटत नाही, पातळ बनते म्हणून दात कमी कापावा लागतो, आणि तिथे कोणाची नजर जात नाही. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे नकली दागिन्यांनी खाज येत असेल, तर मात्र आधी सांगा. सिरॅमिक-मेटलचा वरचा सिरॅमिक कधीकधी टवका उडून जातो आणि काही वर्षांनी हिरडीपाशी काळसर रेघ दिसू शकते. समोर दिसणाऱ्या दातासाठी झिर्कोनियाचे किंवा त्या जातीच्या सिरॅमिकचे जास्त पैसे देणं पटण्यासारखं आहे. रूट कॅनाल झालेल्या समोरच्या दाताला, तो फारसा खचलेला नसेल तर, कॅप लागतेच असं नाही. दाढेला बहुधा लागते.

झिर्कोनियाबरोबर पाच, दहा, पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं. त्यावर तुमचं नाव, दाताचा नंबर आणि लॅबचं नाव आहे का ते बघा. कार्ड न देता 'दहा वर्षांची गॅरंटी' नुसतं तोंडी सांगितलं तर त्याला अर्थ नाही. वॉरंटी कॅपच्या साहित्याची असते. ती फुटली तर लॅब नवी देते. कॅपच्या कडेखालून दात किडला, हिरडी उतरली, रूट कॅनाल बिघडलं, तर ते वॉरंटीत येत नाही. नवी कॅप फुकट मिळाली तरी जुनी कापून पुन्हा माप घेण्याचे पैसे डॉक्टर घेतील का, हे आजच विचारून ठेवा. सिमेंट सुटून कॅप निघाली तर ती डबीत घालून त्याच दवाखान्यात न्या, घरच्या फेव्हिक्विकने चिकटवू नका. नुसती पुन्हा बसवायला किरकोळ पैसे पडतात, पहिल्या वर्षात बरेच जण घेतही नाहीत.

दात काढणं, ब्रिज, कवळी

साधा दात काढायला ५०० ते १,५००. आडवी किंवा हाडात अडकलेली अक्कलदाढ ४,००० ते १०,०००, कारण तिथे हिरडी उघडणं, हाड थोडं कापणं आणि टाके घालणं येतं. भूल, गॉज, टाके आणि टाके काढायची खेप या रकमेतच धरलेली असावी. काढल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळा आल्या तर खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेलेली असते. औषधाची पट्टी लावली की आराम पडतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

ब्रिजचं बिल बघून लोक दचकतात. दात एकच गेलेला, पण पैसे तीन कॅपचे. कारण गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्यावर कॅप बसतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. लॅब तीन दात मोजते, दवाखानाही तीनच मोजतो. हिशोब बरोबर आहे. विचारण्यासारखा प्रश्न दुसराच: बाजूचे दोन धडधाकट दात त्यासाठी कापायचे का? ते आधीच मोठ्या फिलिंगचे असतील तर ब्रिज ठीक, कोरे असतील तर इम्प्लांटचाही (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावणं) खर्च विचारून मग ठरवा.

पूर्ण कवळीला, म्हणजे वरचा आणि खालचा संच मिळून, १२,००० ते ३०,००० पडतात. पहिलं माप, दुसरं माप, चावा ठरवणं, मेणावर बसवलेल्या दातांची ट्रायल आणि मग कवळी, अशा साधारण पाच खेपा होतात. ट्रायलच्या दिवशी घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या. दातांचा आकार, रंग, हसणं तेव्हाच बदलून मिळतं, कवळी तयार झाल्यावर नाही. पहिल्या महिन्यात कवळी टोचते, जखमा होतात, घासून घ्यावी लागते. या खेपा मूळ रकमेतच धरलेल्या आहेत हे आधी ठरवून घ्या. काही वर्षांनी हाड झिजून ती सैल झाली की आतून नवा थर द्यावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. बाजारात किंवा घरी येऊन हिरडीवर कायमचे दात चिकटवून देणाऱ्या लोकांपासून आई-वडिलांना जपा. ते साहित्य हिरडी सडवतं, आणि ते काढून नीट करायचा खर्च कवळीच्या वर जातो.

मुलांसाठी एवढंच लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. दुधाचा दात पाडून आलेली नसल्यामुळे ती दुधाचीच समजून दुर्लक्षित राहते आणि लवकर किडते. तिच्या खाचा सीलंटने (पातळ संरक्षक लेपाने) बुजवून घ्यायला एका फिलिंगपेक्षा कमी पैसे लागतात.

या ओळी दिसल्या की थांबा

ग्लोव्हज, मास्क, निर्जंतुकीकरण यांचा 'किट चार्ज' काही ठिकाणी वेगळा लावतात. हा दवाखान्याचा रोजचा खर्च आहे, तो कामाच्या दरातच धरलेला असावा. लावायचाच असेल तर आधी सांगायला हवा.

उपचारावर जीएसटी लागत नाही. फिलिंग, रूट कॅनाल, दात काढणं ही आरोग्यसेवा आहे आणि तिला सूट आहे. निव्वळ सौंदर्यासाठीचं काम, उदाहरणार्थ दात उजळवणं, या सुटीत बसत नाही. रूट कॅनालच्या बिलावर जीएसटीची ओळ दिसली तर ती काढून मागा.

पहिल्याच भेटीत, एकही एक्स-रे न काढता, न दुखणाऱ्या सहा-आठ दातांचं रूट कॅनाल सांगितलं गेलं तर सही करू नका. मोफत शिबिरानंतर असं बऱ्याचदा होतं. एक्स-रे घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. तिथे गेल्यावर पहिल्याने काय सांगितलं ते आधी बोलू नका, "कोणत्या दाताला काय करावं लागेल?" एवढंच विचारा. दोन्ही याद्यांमधले समान नंबर आधी करून घ्या. ज्या नंबरांवर मतभेद आहे, ते दुखत नसतील तर तीन-सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून पाहता येतात.

कमी पैशांत चांगलं काम

शासकीय दंत महाविद्यालयं मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपुरात आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. पुणे, पिंपरी, कराड, सावंगी इथल्या खासगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात. विद्यार्थी काम करतात आणि पुढचा टप्पा सुरू करण्याआधी शिक्षक तपासून सही करतात. त्यामुळे वेळ लागतो. दाढेच्या रूट कॅनालला चार खेपा धरून चाला. सकाळी केस पेपरच्या खिडकीवर लवकर पोचा, आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर ठेवा. परीक्षांच्या आणि सुट्यांच्या दिवसांत काम रेंगाळतं, म्हणून अर्धवट काम असेल तर पुढची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

आरोग्यविम्यावर फार भिस्त ठेवू नका. बहुतेक पॉलिसी दातांचं नेहमीचं काम देत नाहीत, अपघातात दात तुटला किंवा त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तरच देतात. ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, जादा भाग घेतला असेल तर दंतोपचाराची मर्यादा किती ते आधी वाचा. अपघात असेल तर पहिल्याच दिवसाच्या केस पेपरवर 'पडून', 'गाडीवरून' असं कारण लिहून घ्या, नंतर लिहून मिळत नाही.

पावती आणि तक्रार

पावतीवर तारीख, तुमचं नाव, दाताचा नंबर, काम, रक्कम आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवा. दंतवैद्यांच्या आचारसंहितेनुसार हा क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा आणि पावतीवरही. एक्स-रेचा फोटो, एस्टिमेट, वॉरंटी कार्ड आणि पावत्या एका पाकिटात ठेवा.

बिघाड झाला तर आधी त्याच डॉक्टरकडे जा आणि शांतपणे, कागद समोर ठेवून सांगा. बरेच वाद इथेच मिटतात. काम पुन्हा करून देतात किंवा काही रक्कम परत मिळते. तिथे मिटलं नाही तर व्यवसायातल्या गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे लेखी करता येते. पैशांच्या भरपाईसाठी ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलं आहे. जिल्हा आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. दाताचं पुढचं काम दुसरीकडे सुरू करणार असाल तर आधी त्या नव्या डॉक्टरकडून आहे त्या स्थितीचा एक्स-रे आणि दोन ओळींची नोंद घ्या. नवं काम सुरू झालं की जुन्या कामाची स्थिती दाखवता येत नाही.